बाराव्या वर्षी निकाल नको

(दिघोरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ही व्याख्यानमाला एका क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ चालते. क्रीडाशिक्षकाच्या पदरी जी कामं असतात त्यांतलं सर्वांत अवघड काम मला आजच्या विषयासाठी घ्यावंसं वाटलं. समोर धावणाऱ्या पन्नास पोरांपैकी पुढे कोण मोठा खेळाडू होईल, हे ओळखायचं कसं? आणि ते खरोखर ओळखता येतं का?

सुरुवात मी एका दूरच्या खेळापासून करतो, कारण या प्रश्नाचा सर्वांत कसून अभ्यास तिथे झाला आहे. तो खेळ म्हणजे आइस हॉकी, बर्फावरची हॉकी. आपल्या देशात ती लडाखमध्ये जीव ओतून खेळली जाते. २०२५ साली भारताच्या मुलींनी या खेळात आशिया चषकाचं कांस्यपदक आणलं, आणि त्या संघात बहुतेक मुली लडाखच्याच होत्या. पण या खेळाचा मोठा बाजार आहे कॅनडा आणि अमेरिकेत. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात हे संघ साधारण अठरा वर्षांची मुलं पाळीपाळीने निवडतात. प्रत्येक संघाने पगार देऊन पारखी माणसं ठेवलेली असतात. ती वर्षभर गावोगाव हिंडतात, एकेका मुलाचे कितीतरी सामने पाहतात, त्याच्या प्रशिक्षकाशी आणि आईवडिलांशी बोलतात. इतकं करून काय होतं? १९९३ साली ओटावा संघाने अलेक्झांडर डेग या मुलाला अगदी पहिला निवडला. त्याच्याकडून ज्या अपेक्षा होत्या त्यांच्या जवळपासही तो पोचला नाही. १९९८ साली पावेल दात्स्युक हा रशियाचा अंगाने लहानसा मुलगा १७१ व्या क्रमांकावर निवडला गेला. डेट्रॉइट संघाचे स्वीडनमधले पारखी हाकन अँडरसन यांनी त्याच्यात काहीतरी पाहिलं होतं. २००० साली हेन्रिक लुंडक्विस्ट हा गोलरक्षक २०५ व्या क्रमांकावर गेला. पुढे दात्स्युकच्या संघाने दोनदा लीगचा स्टॅन्ली चषक जिंकला, आणि लुंडक्विस्टने न्यूयॉर्कचा गोल पंधरा वर्षं राखला.

अठराव्या वर्षी, एवढा पैसा आणि वेळ ओतून, अनुभवी माणसांचा अंदाज असा चुकतो. आपण मात्र बाराव्या वर्षी, एका सकाळच्या चाचणीवर, मुलाचा निकाल लावतो. ही पद्धत मला अन्यायाची वाटते, आणि का वाटते ते आज सविस्तर सांगायचं आहे.

त्याच आइस हॉकीतून निघालेली एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या लेथब्रिज शहरात रॉजर बार्नस्ली नावाचे मानसशास्त्रज्ञ कुटुंबासह सामना पाहायला गेले होते. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत खेळाडूंच्या जन्मतारखा छापलेल्या होत्या. त्यांच्या पत्नी पॉला यांच्या लक्षात आलं की यांतले बहुतेक जण जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचे आहेत. बार्नस्लींनी मग बाकीच्या संघांच्या याद्या तपासल्या. तिथेही तेच. वरच्या पातळीवरच्या संघांत साधारण ४० टक्के मुलं वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली, आणि शेवटच्या तीन महिन्यांतली जेमतेम १० टक्के. १९८५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

कारण ग्रहताऱ्यांत नव्हतं. कॅनडात वयोगट १ जानेवारीला कापला जातो. नऊ वर्षांच्या गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि बराचसा दम. प्रशिक्षकाला तो ‘हुशार’ दिसतो. मग त्याला चांगला संघ मिळतो, चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सराव मिळतो. पाच वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो, आणि ज्याने त्याला निवडलं तो म्हणतो, पाहा, माझी नजर कशी होती!

पुढचा भाग याहून बोलका आहे. २०१३ साली रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० पासून २००६ पर्यंतच्या निवडी तपासल्या. वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं निवडलेल्यांत फक्त ३४ टक्के होती. पण प्रत्यक्ष लीगमध्ये जे सामने खेळले गेले त्यांतले ४२ टक्के आणि जे गुण कमावले गेले त्यांतले ४४ टक्के याच मुलांच्या नावावर होते. लहान दिसतात म्हणून मागे ठेवलेली ही मुलं, टिकून राहिली तेव्हा, आपल्या वाट्याहून जास्त देऊन गेली. पारख्यांची नजर कित्येक वर्षं एकाच बाजूला झुकलेली राहिली, आणि ती तशी झुकली आहे हे त्यांना कळत नव्हतं.

आता आपल्याकडे या. आपल्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात, आणि ओळखपत्रावर ‘अमुक सालच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला’ असंच लिहिलेलं असतं. म्हणजे कॅनडाचीच तारीख. वर आपले गट दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे. १७ वर्षांखालच्या कबड्डीच्या संघात नववीतलं किरकोळ पोर आणि मिसरूड फुटलेला अकरावीचा गडी एकाच चढाईत समोरासमोर येतात. त्या पोराला दुसऱ्या दिवशी मैदानावर यावंसं का वाटावं?

आणि आपल्याकडे याहून एक जुनी गोम आहे. इथे पन्नाशी ओलांडलेले जे बसले आहेत त्यांनी आपापला शाळा सोडल्याचा दाखला आठवून पाहावा. कितीजणांची जन्मतारीख १ जून आहे? शाळा जूनअखेर उघडायची, पोरगं उजव्या हाताने डोक्यावरून डावा कान धरायला लागलं की पहिलीत बसवायचं, आणि गुरुजी रजिस्टरात १ जून टाकून मोकळे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण खेड्यात त्याची सवय रुजायला फार वेळ लागला. आता जन्म दवाखान्यात होतात, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाला शाळेच्या प्रवेशासाठी जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून द्यावा लागतो. ही चांगली गोष्ट झाली. पण दुसरा रोग अजून गेलेला नाही. पोराने खालच्या गटात खेळून प्रमाणपत्र मिळवावं, पुढे नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण पदरात पडावं, म्हणून वय कमी लिहिणारे पालक आहेत आणि डोळेझाक करणारेही आहेत. त्याच्यामुळे ज्याची जागा जाते ते पोर खरं वय लिहिणाऱ्याच्या घरातलं असतं. क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतं. गावपातळीवर हे शक्य नाही. गावपातळीवर शक्य आहे ते एवढंच की शिक्षकाने खोट्या तारखेवर सही करायची नाही.

तारीख अगदी खरी असली तरी प्रश्न संपत नाही, कारण शरीराचं घड्याळ वेगळं चालतं. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण बाराव्या वर्षी येतो, मुलांचा चौदाव्या वर्षाच्या आसपास. पण हा सरासरीचा हिशेब. एखाद्याचा बाराव्या वर्षीच येतो, एखाद्याचा सोळाव्या वर्षी. एकाच बाकावर बसलेल्या तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. लवकर वाढलेला गोळा लांब फेकतो, उडी लांब मारतो, पहिला येतो. उशिरा वाढणारा हरतो. आणि हरता हरता तो काही शिकत असतो: ताकद नाही म्हणून चपळाई, वेग नाही म्हणून अंदाज. पुढे ताकद येते तेव्हा त्याच्याकडे दोन्ही असतं. पण तोवर त्याला कुणी खेळू दिलं तर!

इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादम्या म्हणूनच अधूनमधून मुलांना जन्मसालाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून खेळवतात. त्याला लागतं काय? उभ्याची उंची, बसल्याची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची. एक टेप, एक स्टूल, एक वजनकाटा. दिघोरीच्या शाळेत यातलं काय नाही?

तुम्ही शेतकरी माणसं आहात, शंकरपटाच्या मुलखातली. पटावर पळवायचा गोऱ्हा कुणी बाजारात एका दिवसात पारखतो का? त्याची आई पाहता, त्याचा वाण पाहता, त्याला जोडीदाराबरोबर जुंपून पाहता, चिखलात कसा चालतो ते पाहता, दोन हंगाम थांबता. पोराच्या बाबतीत तेवढाही धीर आपण धरत नाही.

आपल्या राज्यात निवडीची एक पद्धत ठरलेली आहे. क्रीडा प्रबोधिनीसाठी साधारण ८ ते १४ वर्षांच्या मुलांच्या चाचण्या होतात: उंची, वजन, ३० मीटर धाव, शटल रन, उभ्याने लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचीकता आणि ८०० मीटर धाव. या चाचण्या वाईट नाहीत. शासनाने त्या गावापर्यंत आणल्या, म्हणून पुष्कळ मुलांना दार उघडलं. माझं म्हणणं एवढंच की या चाचण्या आजचं शरीर मोजतात. उद्याचं त्यात थोडंसंच दिसतं.

प्रबोधिनीचीच एक चांगली गोष्ट सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९ साली तिथे दाखल झाला. आधी वर्षभर सर्वसाधारण शारीरिक तयारी, आणि मग खेळ निवडायचा. त्याने रायफल निवडली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने ५० मीटर रायफल प्रकारात ऑलिम्पिकचं कांस्यपदक मिळवलं. पंधरा वर्षं लागली, आणि मधली बरीच वर्षं अशी होती की त्यांतल्या कुठल्याही दिवशी कुणी म्हणू शकलं असतं, याचं काही होणार नाही. पदकाची गोष्ट सांगताना आपण ही वर्षं गाळून सांगतो. त्याला प्रवेशाच्या दिवशी बंदुकीच्या परीक्षेत कुणी बसवलं नव्हतं. आधी शरीर घडवलं आणि खेळ त्याला निवडू दिला. मला त्या पद्धतीतलं शहाणपण इथे दिसतं.

साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत होती. मग लांब पल्ल्याचं धावणं, मग मॅरेथॉन, आणि त्यानंतर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत तीन हजार मीटर. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली. धावपट्टीवरच्या शर्यतीत १९८४ च्या पी. टी. उषानंतर असं करणारी ती पहिली भारतीय स्त्री. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि विशी ओलांडल्यावर स्टीपलचेसकडे वळला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण त्याच्या हातून ०.०५ सेकंदाने गेलं, पण त्याचं रौप्य हे १९९४ नंतर केनियाबाहेरच्या धावपटूला त्या शर्यतीत मिळालेलं पहिलं पदक होतं. पॅरिसमध्ये तो या शर्यतीची ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. बारा वर्षांच्या अविनाशला स्टीपलचेसपटू म्हणून कोण निवडणार होतं?

आणि आपल्या घराजवळचं उदाहरण. उमेश यादव नागपूरजवळच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा. वडिलांना वाटे पोराने पोलिसात जावं. शिपायाच्या भरतीत तो थोडक्यात हुकला. कॉलेजच्या संघात घेतलं नाही, कारण कुठल्या क्लबकडून खेळलेला नव्हता. टेनिस बॉलवर वेगाने टाकणारा हा मुलगा विशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा चामड्याच्या चेंडूकडे वळला. २००८ साली विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ साली भारताकडून कसोटी. विदर्भातून कसोटी खेळलेला पहिला खेळाडू. ५७ कसोट्या, १७० बळी. चौदा वर्षांखालचा, सोळा वर्षांखालचा, एकोणीस वर्षांखालचा, अशा सगळ्या चाळण्यांतून तो निसटला होता. जे निसटले आणि परत कुणाच्या नजरेस पडलेच नाहीत, त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नसतात. आज पहाटे लाखांदूरच्या रस्त्याला पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटरची तयारी करणारी पोरं पाहा. त्यांच्यातल्या किती जणांना दहाव्या वर्षी कुणी नीट धावायला शिकवलं होतं?

पारखीचा आणखी एक धोका आहे, आणि तो जातीकुळीवरून अंदाज बांधण्याचा आहे. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने कर्नाटकातल्या सिद्दी समाजाची मुलं निवडली. कारवार भागातले हे लोक मूळचे आफ्रिकेतले, म्हणजे धावण्यात उपजत पुढे असणार, असा हिशेब. मुलांनी मेहनत केली, काहींनी राष्ट्रीय पदकंही मिळवली. १९९३ साली योजना बंद झाली आणि मुलं घरी परतली. त्यांच्या रक्ताची पारख झाली होती. त्यांचं शिक्षण, नोकरी, पुढची दहा वर्षं यांची जबाबदारी कुणी घेतली नाही. आपल्याकडेही सर्रास म्हणतात, ‘गोंडाचं पोर आहे, दमाला कमी नाही.’ कौतुकाने म्हणतात, पण परिणाम असा होतो की त्या पोराला कायम लांब पल्ल्यालाच उभं करतात. बुद्धिबळ, नेमबाजी, बॅडमिंटन त्याला कधी दाखवतच नाहीत. सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणलं ते वर्षानुवर्षांच्या कसून केलेल्या सरावातून. त्याचं श्रेय डोंगराला देणं म्हणजे तिच्या आणि तिच्या प्रशिक्षकांच्या कष्टाचा अपमान आहे.

मुलींबद्दल मला विशेष कळकळीने बोलायचं आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीचं शरीर बदलतं, कंबर रुंदावते, वजन वाढतं, आणि वर्ष-दोन वर्षं तिची वेळ सुधारत नाही, कधी मागेही जाते. हा निसर्गक्रम आहे. मैदानावर मात्र तिला ऐकवलं जातं, ‘आळशी झाली, लक्ष उडालं.’ घरी आई म्हणते, आता पुरे. याच वर्षांत आपण मुली गमावतो. शिवाय महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. रोवणीच्या दिवसांत जी मुलगी सकाळपासून बांधीत वाकून उभी आहे, तिने संध्याकाळी ८०० मीटरमध्ये तिसऱ्या फेरीला मान टाकली तर तो दमाचा निकाल समजायचा का? ती उपाशी असते, अशक्त असते, थकलेली असते.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. ज्याला आजार आहे त्याची गोष्ट वेगळी, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खेळवावं. पण ज्याच्या रक्तात फक्त त्याचा अंश आहे, वाहक आहे, तो मजेत खेळू शकतो. फक्त उन्हात, पाण्याविना, एकदम जीव काढून धावायला लावलं तर त्याला धोका असतो. अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत २०१० पासून खेळाडूंची ही तपासणी होते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होऊ शकते. तेव्हा चाचणीच्या आधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेल पाहिल्याशिवाय एकाही मुलाला ८०० मीटर पळवू नका, एवढी तरी शिस्त आपण पाळू.

मग पाहायचं काय? मी सांगतो ते कुठल्याही टेपने मोजता येत नाही, पण रोज मैदानावर असणाऱ्याला दिसतं. नवी गोष्ट दाखवली की पोर किती दिवसांत उचलतं? सोमवारी सांगितलेली चूक शुक्रवारी करतं का? कबड्डीत चढाई करणारा आत येण्याआधी याचे पाय कुठे सरकलेले असतात? हरल्यावर दुसऱ्या दिवशी येतं का, आणि कुणी न सांगता थोडा वेळ जास्त थांबतं का? पहिला आलेला आज किती पुढे आहे हे पाहण्यापेक्षा सहा महिन्यांपूर्वीच्या स्वतःपेक्षा कोण किती पुढे गेला, हे पाहा. जर्मन संशोधक आर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो खेळाडूंची माहिती तपासून काढलेला निष्कर्षही याच वाटेचा आहे: प्रौढपणी जागतिक पातळीवर पोचलेले खेळाडू लहानपणी अनेक खेळ खेळले होते, आपल्या मुख्य खेळाकडे उशिरा वळले, आणि सुरुवातीला त्यांची प्रगती इतरांपेक्षा सावकाश होती.

पालकांना एक शब्द. पोराला एकाच खेळाला जुंपू नका. दहावीपर्यंत त्याने कबड्डी खेळावी, धावावं, पोहावं, झाडावर चढावं. आणि निवड झाली नाही म्हणून त्याला हसू नका. तेराव्या वर्षी ‘तुझ्यात काही नाही’ हे ज्याने ऐकलं, तो मैदानच सोडतो, आणि मग त्याच्यात काही होतं की नव्हतं हे कुणालाच कळत नाही.

शिक्षकांना आणि ग्रामपंचायतीला माझी विनंती नेमकी आहे. येत्या जुलैपासून शाळेत एक वही ठेवा. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलामुलीची नोंद वर्षातून दोनदा करा: खरी जन्मतारीख, उभ्याची आणि बसल्याची उंची, वजन, धाव, उडी, आणि शिक्षकाच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेत राहू द्या. तालुक्याच्या संघात जास्तीत जास्त बारा जण जातील, पण गावच्या सरावातून दहावी होईपर्यंत एकाही मुलाला काढू नका. पाच वर्षांनी ती वही उघडाल तेव्हा पहिल्या पानावरचा शेवटचा मुलगा कुठे पोचला आहे ते पाहा, आणि मलाही कळवा.